चावी फिरेपर्यंत

गाडी थांबली की माणूस उतरतो. मामा उतरत नसत. गाडी जागेवर लावायची, गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन तसंच गुरगुरत ठेवून बसून राहायचं, हा त्यांचा शिरस्ता. मग शर्टाच्या खिशातून खर्र्याची, तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी निघायची. ती दोन्ही तळव्यांत धरून ते घासत बसत. खर्रा मनासारखा बारीक झाला की पन्नी परत खिशात जायची आणि तेव्हा कुठे चावी फिरायची. खर्रा मात्र तिथं खायचे नाहीत. "मयतापुढं तोंड हालवत बसनं बरं नाही दिसत," म्हणायचे.

आमची गाडी मयताची होती. भंडाऱ्यातल्या एका संस्थेची शववाहिका. दवाखान्यातून प्रेत घ्यायचं आणि गावी पोचवायचं, दिवसातून एकदा, कधी दोनदा. मी कारखाना बंद पडल्यावर तिथं दुसरा ड्रायव्हर म्हणून लागलो. बापाचा धंदा तलावातल्या मासोळ्यांचा, पण मला पाण्यापेक्षा रस्ता बरा वाटायचा. दुसरा ड्रायव्हर म्हणजे नावालाच. मामांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला तो फक्त गाडी धुताना. मी शेजारी बसायचो, स्ट्रेचर उचलायचो आणि त्यांची बडबड ऐकायचो.

त्यांना सगळे मामाच म्हणत. दवाखान्यातले वॉर्डबॉय, चहावाला, संस्थेचे अध्यक्षसुद्धा. गाडीत ना देवाचा फोटो, ना लिंबू-मिरची. प्रेताबरोबर आलेला एखादा नातेवाईक विचारायचाच, "मुर्दागाडी हाय, लिंबू काहून नाही बांधलं?" मामा म्हणायचे, "लिंबू पोह्यावर पिळतो मी." घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, गाडीत एक पाण्याची कॅन आणि एक फडकं, एवढाच त्यांचा संसार.

इंजिन चालू ठेवण्यामागचं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि नंतरही इतक्यांदा सांगितलं की झोपेत विचारलं तरी मी म्हणून दाखवीन. "टर्बो हाय बापा हिले. इंजिनच्या धुरावर एक चकरी फिरते, लय जोरात. तिले तेल पाजते इंजिन. तू चावी बंद केली का तेल बंद. पण चकरी तं फिरूनच राहिली ना? ते कोरडी फिरते मंग. जळते. म्हून तिले आंधी हळू होऊ द्या लागते, थंड होऊ द्या लागते." आधी ते धानाचे ट्रक चालवायचे, तुमसरहून पार छत्तीसगडपर्यंत. तिकडे एकदा घाट चढून आल्याबरोबर, भूक लागली म्हणून, त्यांनी धाडकन गाडी बंद केली आणि ढाब्यावर जेवायला बसले. जेवून आले तर टर्बो गेलेला. माणसाला देवी निघाल्या तर व्रण राहतात, तसा तो टर्बो मामांच्या अंगावर कायमचा राहिला होता.

पण हे गाडीपुरतं असतं तर मी कशाला लिहायला बसलो असतो? त्यांनी तो नियम सगळ्या जगाला लावला होता. फोनवर बोलणं संपलं तरी फोन कानाला धरून ठेवत, समोरच्यानं ठेवेपर्यंत. टपरीवरचा टीव्ही कोणी गाण्याच्या मधेच बंद केला की यांच्या कपाळाला आठी. एक हेडमास्तर रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर येऊन सुटलो एकदाचा म्हणून पेढे वाटू लागले. मामांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, एकदम बंद नोका होऊ. महिनाभर शाळेच्या गेटपावेतो जात राहा." गुरुजी रागावून निघून गेले. माझं बायकोशी भांडण झालं आणि मी तिच्याशी बोलणंच टाकलं, तेव्हा मला म्हणाले, "अबे, भांडन बी एकदम नाही बंद करा लागत. अजून जरासं भांड. हळूहळू कमी कर." मी तो सल्ला मानला आणि ते भांडण आणखी आठवडाभर चाललं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "पन जळलं तं नाही ना काही?"

आता त्या चावीबद्दल सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. गाडीच्या मागच्या दाराला कुलूप होतं, आणि त्या कुलपाची किल्ली इंजिनाच्या चावीच्याच जुडग्यात होती. म्हणजे जोवर इंजिन चालू, तोवर मागचं दार उघडायचं नाही, मयत उतरायचं नाही. दुसरी किल्ली करून घेऊ, असं मी एकदा म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय काढला नाही.

पहिल्या फेरीतच मी याचा तमाशा पाहिला. आंधळगावच्या पुढच्या एका खेड्यात म्हातारा पोचवायचा होता. ऊन रणरणत होतं. गाडी दारात लागली, आणि मामा खर्रा घासत बसले. म्हाताऱ्याचा जावई दारावर थापा मारत होता. "अबे खोल ना! मुर्दा ठेवून तमाशा पाहून राहिला का?" मामांनी काच खाली केली. "टर्बो जळते बाबू. आत्ता खोलतो." जावई मागे झाला, शिव्या देत झाला, पण झाला. आणि मग मी एक गोष्ट पाहिली. उघडायला मिळत नाही म्हटल्यावर लोक रिकामे उभे राहिले नाहीत. कोणी अंगणात बाज आणून टाकली. कोणी लहान लेकरांना शेजारच्या घरी नेलं. दोन बायका म्हातारीच्या दोन बाजूंना जाऊन तिचे दंड धरून उभ्या राहिल्या. म्हातारीनं स्वतः डोक्यावरचा पदर नीट केला. सगळ्यांची नजर गाडीवर. मामांनी चावी फिरवली, आवाज थांबला, आणि तेव्हा म्हातारीनं हंबरडा फोडला.

गावोगाव ही रीतच पडून गेली. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, सगळीकडे आमची गाडी कधी ना कधी जाऊन आलेली. इंजिन चालू असेतो कोणी रडायचं नाही, हे कोणी ठरवलं नव्हतं. पण बाया तोंडात पदर कोंबून उभ्या राहत आणि चावीची वाट पाहत. काही गावांत तर लोकांना वाटायचं की हा मयताचा काही विधीच आहे. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं होतं, "तुमच्या ड्रायवर साहेबायचा काही मंतर असते का?" मी म्हटलं, "असते. खर्र्याचा."

मला त्यांचा राग यायचा, हे कबूल केलं पाहिजे. रोज रोज ते तळवे घासणं पाहून डोकं फिरायचं. शेवटी एकदा गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मी मेकॅनिकलाच विचारलं. तो हसला. म्हणाला, हायवेवर पळवून आणली, घाट चढवला, तर थोडं चालू ठेवणं बरोबर आहे. पण खेड्यातल्या रस्त्यानं गाडी येते रांगत. शेवटच्या तुकड्यात टर्बो आपोआप थंड होतो. दारात पोचून चालू ठेवण्याची काहीच गरज नाही, नुसतं डिझेल जळतं. मला तर लॉटरी लागली. परतीच्या रस्त्यावर मी मामांना खिंडीत गाठल्यासारखं हे सगळं ऐकवलं.

मामांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "मले का मालूम नाही?"

"मग कशाला बसता?"

"मंग का सांगू लोकायले? बाई, रडू नोको, जरा थांब, मयत उतरवाच्या आंधी तुया जिवाले सावर, असं सांगू? कोन आयकते माह्यं? लोकं म्हनतीन, तू कोन बे? गाडीचं नाव घेतलं का आयकते. गाडीसंगं कोनी भांडत नाही." आणि पुढच्या वळणावर, "लय जोरात आलेलं राहते मानूस. एकदम थांबवलं तं जळते."

त्यानंतर मी किल्लीचा आणि टर्बोचा विषय काढला नाही. उलट मीही लोकांना सांगू लागलो, टर्बो आहे, थांबा जरा.

एकदा पवनीकडची फेरी होती, तेव्हा परतताना मामांनी मला घरी नेलं. कोंढ्याच्या पुढं तलावाच्या पाळीला लागून त्यांचं घर, गावातलं पहिलंच. दारात गाडी लागली आणि मामा बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, आता तर मागं कोणी नाही." ते पन्नी घासत राहिले. चावी फिरवून आम्ही आत गेलो तो मामी चुलीवरून चहाचा गंज, त्यांच्याकडचं पातेलं, उतरवत होती, नेमका. मी नवल केलं तर मामी म्हणाली, "लगन झालं तवापासून हा मानूस दारात येते, पन घरात येत नाही. ट्रक राहो का मुर्दागाडी. बाहीर घुरघुर घुरघुर. मी गाडीचा आवाज आला का चहा ठेवतो. यायची चावी फिरली का माह्या चहाले उकळी. कधी चुकत नाही." मामा लाजल्यासारखे हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं असेल. चहा खरोखर फक्कड होता.

मग सिहोऱ्याकडची ती फेरी आली.

धानाच्या रोवण्याचे, लावणीचे दिवस होते. एक तरणा पोरगा, हायवेवर ट्रकखाली आलेला. बरोबर त्याचा मोठा भाऊ आणि एक चुलता, पुढं आमच्याच बाकावर दाटीवाटीनं. गाव आलं, घर आलं, गाडी लागली, मामा पन्नी काढून बसले. बांधीतून, धानाच्या शेतातून, आलेल्या बाया चिखलाच्या पायांनी रांगेत उभ्या. भाऊ आणि चुलता उतरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि घरातून पोराची आई धावत आली ती थेट मामांच्या खिडकीपाशी.

"बाबू, गाडी चालू हाय ना? म्हंजे नागपूरले नेता ना त्याले?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. फोनवर भावानं फक्त सिरियस आहे, म्हटलं होतं, आणि आमची गाडी बाहेरून ॲम्ब्युलन्ससारखीच दिसायची. आणि ती बाई दारात उभ्या गाडीचं इंजिन ऐकून समजली होती की अजून पुढं जायचं आहे, मोठ्या दवाखान्यात. मामांचे हात थांबले. त्यांनी भावाकडे पाहिलं, त्यानं मान वळवली. बाई घरात गेली आणि एका पिशवीत लुगडं, पोराचा शर्ट-पँट, ताट-गिलास असं काहीबाही कोंबून परत आली. माझ्या बाजूचं दार उघडून ती मला ओलांडून आत आली आणि आम्हा दोघांच्या मधे बसली. "चला," म्हणाली.

मी मामांच्या हाताकडे बघत होतो. चावी फिरवायची म्हणजे, तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावर तिच्या पोराचं मरण तिला सांगायचं, सगळ्या गावासमोर. हात चावीवर गेला आणि परत आला. मग त्यांनी गिअर टाकला आणि गाडी हलवली. मागं आरडाओरडा झाला. भाऊ गाडीमागं पळू लागला. मामा गावाबाहेर आले, तलावाच्या पाळीवर गाडी उभी केली. इंजिन चालूच.

"माय," ते म्हणाले, "नागपूरले नाही जाऊन राहिलो आपुन. तुया पोरगा गेला. मांगं हाय तो. मी त्याले घरी घेऊन आलो होतो."

ती बाई ओरडली नाही. पिशवी छातीशी धरून समोरच्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मंग गाडी काहून चालू ठेवली?"

मामांनी जन्मभर ज्याला त्याला जे उत्तर दिलं, ते त्या दिवशी दिलं नाही. दुसरंही दिलं नाही. त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही परत आलो. दारात भावानं मामांना खाली ओढलं आणि दोन कानशिलात दिल्या. मयत पळवलं म्हणून सगळे अंगावर आले. मामांनी हात वर केला नाही. चावीचा जुडगा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "खोल दार." ती बाई तोवर आपल्या पायांनी घरात गेली होती.

तक्रार झाली. संस्थेनं मामांना गाडीवरून उतरवलं, मग मी त्यांच्या जागेवर बसायला तयार झालो नाही आणि दुसरा कोणी मयताची गाडी चालवायला टिकेना तेव्हा पुन्हा बोलावलं. परत आले ते गप्प झालेले. हेडमास्तर, टीव्ही, भांडणं, सगळे सल्ले बंद. एकच नवी गोष्ट सुरू केली. कुठल्याही गावाच्या अलीकडे, दिसेल त्या झाडाखाली गाडी थांबवायची आणि नातेवाइकांना विचारायचं, "घरी मालूम हाय ना? सिरियस-फिरियस नाही, मेला म्हून मालूम हाय ना?" नसेल तर तिथूनच फोन लावायला लावत. कोणी टाळलं तर म्हणत, "नाही सांगलं तं गाडी हालनार नाही," आणि खरंच हलवत नसत. दारात पोचल्यावर चालू ठेवणं मात्र तसंच राहिलं. पण पन्नी घासताना आता ते खिडकीकडे बघायचे नाहीत.

मामा गेले ते दवाखान्यासमोरच्या टपरीवर, सकाळी, हातात चहाची बशी असताना. बशी पडली तेव्हा मी पाठमोरा होतो. दवाखाना समोर होता म्हणून काय झालं? डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. टपरीवरचा एकजण म्हणाला, सगळ्यांना एकदम बंद होऊ नका सांगणारा बुढा स्वतः एकदम बंद झाला. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं नसतं तर त्याचं काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. तो काही खोटं बोलला नव्हता, पण त्याच्या तोंडून मला ते ऐकायचं नव्हतं.

त्यांना आमच्याच गाडीत ठेवलं. मी पहिल्यांदा त्यांच्या जागेवर बसलो. सीट त्यांच्या उंचीची होती, मी ती सरकवली नाही. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ. धानाची कापणी झालेली, बांध्यांमधून पुंजणे, कापलेल्या धानाचे ढीग, उभे. कोंढा मागं पडलं, तलावाची पाळ दिसली तशी मी गाडी थांबवली.

"मामींना मालूम आहे ना?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. "तब्येत बिघडली, घेऊन येतो, येवढंच म्हटलं गा. माह्या तोंडून नाही निंगालं."

"आता सांगा. लावा फोन."

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. मी लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. मागं धानाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता आणि पाळीवरून दोन गाड्या जात नाहीत. घर तर समोरच. मी गाडी हलवली, आणि दारात नेऊन लावली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला. इंजिन चालू.

मयताची गाडी आलेली पाहून शेजारपाजारच्या बाया बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. त्यांना रीत ठाऊक होती. मामी पदराला हात पुसत दारात आली. तिनं पहिल्यांदा ड्रायव्हरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथं मी होतो. मग दिराकडे पाहिलं. तो उतरून मान खाली घालून उभा होता. मामी गाडीला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी चढून बसली.

"पाळीवर ने," म्हणाली.

मी गिअर टाकला. गाडी वळवली. कोणी ओरडलं नाही, कोणी मागं धावलं नाही. पाळीवर नेऊन उभी केली. पाण्यात एकजण डोंग्यात उभा राहून जाळं फेकत होता.

"मांगं हायेत का?"

"हो, मामी."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुले पाहून समजलं मले. आपल्या जाग्यावर कधी कोनाले बसू देल्लं का यायनं?" आणि नंतर, "त्या सिहोऱ्याच्या बाईले असंच आनलं होतं ना? सांगतलं होतं मले. त्या रातची यायची भाकर तशीच रायली होती." मी मान हलवली. माझ्या खिशात खर्रा नव्हता, आणि हातांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. जाळंवाल्यानं जाळं ओढून घेतलं, पुन्हा फेकलं.

"चल," मामी म्हणाली. "चावी मी फिरवतो."

परत आलो तेव्हा सगळं गाव दारात होतं आणि आवाज फक्त इंजिनाचा होता. मी हँडब्रेक ओढून हात बाजूला घेतले. मामीनं लगेच नाही फिरवली. मामा बसायचे तसंच, समोर बघत, ती बसून राहिली. मग माझ्या अंगावरून हात लांब करून तिनं चावी फिरवली.

बाया तिच्याकडे बघत होत्या. मामी जुडगा मुठीत धरून खाली उतरली, उभी राहिली. इतक्यात घरातून शेजारची एक पोरगी धावत बाहेर आली. "काकू, चुलीवरचा गंज जळून राहिला व! काही ठेवलं होतं का?"

"चहा ठेवला होता," मामी म्हणाली. "गाडीचा आवाज आला, तं मी दोघायचा चहा ठेवला होता." आणि ती तिथंच, गाडीच्या चाकाशी, खाली बसली आणि रडू लागली.